वाचकांचे प्रश्न : संगणकाला ऐकू येणारे हृदय

स्टेथोस्कोपला मायक्रोफोन जोडून घेतलेला हृदयाचा आवाज संगणकाला दिला, तर तो ‘सामान्य’ आणि ‘असामान्य’ अशी वर्गवारी करू शकतो, असे एक छोटे टिपण मागील अंकात दिले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी काहींत शास्त्रीय शंका आहेत, काहींत भीती आहे आणि काहींत यंत्राकडून फार मोठी आशा बाळगलेली दिसते. म्हणून या वेळचे संपूर्ण सदर याच विषयाला दिले आहे. एकसारखे प्रश्न एकत्र केले असून पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून वगळली आहेत.

प्रश्न : डॉक्टर वर्षानुवर्षांच्या सरावाने हृदयाचे ठोके ओळखतात, हे समजू शकते. पण संगणकाला ‘लब-डब’ म्हणजे काय हे कसे कळते? तो नेमके काय ऐकतो?
(निवृत्त शिक्षक, गिरगाव)

उत्तर : आधी हृदय काय बोलते ते पाहू. निलये, म्हणजे हृदयाचे खालचे दोन कप्पे, आकुंचन पावू लागतात तेव्हा त्यांच्या वरच्या तोंडाशी असलेल्या मिट्रल (डावीकडची) आणि ट्रायकस्पिड (उजवीकडची) या झडपा मिटतात आणि त्या वेळच्या कंपनांतून पहिला ध्वनी निर्माण होतो. आकुंचन संपताना महाधमनीच्या आणि फुप्फुस धमनीच्या तोंडाशी असलेल्या झडपा मिटतात, तो दुसरा ध्वनी. मिनिटाला ७५ ठोके पडत असतील तर एका ठोक्याला ०.८ सेकंद मिळतो. त्यातला पहिल्या ध्वनीपासून दुसऱ्यापर्यंतचा आकुंचनाचा काळ साधारण ०.३ सेकंदाचा आणि उरलेला अर्धा सेकंद शिथिलनाचा असतो. निरोगी प्रौढाच्या हृदयात या दोन्ही मधल्या जागा बहुधा शांत असतात. झडप अरुंद झाली, नीट मिटेनाशी झाली किंवा हृदयाच्या पडद्यात छिद्र राहिले, की रक्ताचा प्रवाह खळबळतो आणि त्या शांत जागेत लांबट आवाज उमटतो. डॉक्टर त्यालाच ‘मर्मर’ म्हणतात.

हे सारे ध्वनी खालच्या पट्टीतले आहेत. पहिल्या दोन ध्वनींची बहुतेक ऊर्जा २० ते १५० हर्ट्झच्या (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपने) आसपास एकवटलेली असते, मर्मर काहीशे हर्ट्झपर्यंत जातो, आणि काही रुग्णांत असणारे तिसरा व चौथा हे ध्वनी इतके मंद व खोल असतात की ते ऐकू येण्याच्या सीमारेषेवरच राहतात. आपला कान मात्र हजार ते चार हजार हर्ट्झच्या दरम्यान सर्वांत तल्लख आहे. फ्रेंच वैद्य रेने लाएनेक यांनी १८१६ मध्ये कागदाची सुरळी करून ती छातीला लावली आणि स्टेथोस्कोपचा जन्म झाला, तेव्हापासून वैद्यक या अडचणीशी झगडत आले आहे. हृदयाच्या ध्वनीचा आलेख काढण्याची धडपडही नवी नाही. ईसीजीमुळे जगाला माहीत झालेले आइंटहोवन यांनी १८९४ मध्येच हृदयध्वनींची यांत्रिक नोंद करून दाखवली होती. संगणकाला हाच आलेख मिळतो, पण आकड्यांच्या रूपात. सेकंदाला २,००० वेळा आवाजाची पातळी मोजली आणि प्रत्येक मोजमापाला दोन बाइट दिले, तर एका मिनिटाच्या नोंदीला सुमारे २४० किलोबाइट पुरतात. म्हणजे आपण फोनवर काढतो त्या एका छायाचित्रापेक्षाही ती बरीच लहान असते.

यापुढचे काम टप्प्याटप्प्याने होते. आधी साधारण २५ ते ४०० हर्ट्झच्या बाहेरचा आवाज गाळला जातो. मग येतो तो माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा टप्पा, विभागणीचा. प्रत्येक ठोक्यातला पहिला ध्वनी कुठे, आकुंचनाचा काळ कुठे, दुसरा ध्वनी कुठे आणि शिथिलनाचा काळ कुठे, हे यंत्राने ठरवायचे असते. एकच मर्मर आकुंचनाच्या काळात असेल तर त्याचा अर्थ वेगळा आणि शिथिलनाच्या काळात असेल तर वेगळा, आणि शिथिलनातला मर्मर जवळजवळ नेहमीच आजाराचे लक्षण मानला जातो. त्यामुळे पहिला कोणता व दुसरा कोणता यातच गफलत झाली, तर पुढचे सारे गणित चुकते. शांत बसलेल्या प्रौढात आकुंचनाचा काळ लहान आणि शिथिलनाचा मोठा असल्यामुळे हे ओळखणे सोपे जाते, परंतु ठोके १२० च्या पुढे गेले की दोन्ही काळ जवळपास सारखे होतात आणि लहान मुलांत, तापात किंवा घाबरलेल्या रुग्णात यंत्र गोंधळते. ‘एका अवस्थेनंतर कोणती अवस्था येऊ शकते आणि ती साधारण किती वेळ टिकते’ हे संभाव्यतेच्या भाषेत मांडणाऱ्या मार्कोव्ह पद्धतीच्या प्रारूपांनी (मॉडेल्सनी) यात मोठी प्रगती केली. स्प्रिंगर, तारासेंको आणि क्लिफर्ड यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेली अशी पद्धत आजही अनेक संशोधक पायाभूत म्हणून वापरतात. सोबत ईसीजीची नोंद घेतली असेल तर हे काम आणखी सुकर होते, कारण ईसीजीतील उंच शिखर आणि पहिला ध्वनी जवळजवळ लागून येतात.

विभागणी झाली की कोणत्या काळात, कोणत्या पट्टीत, किती ऊर्जा आहे याचे मोजमाप होते आणि त्यावरून वर्गवारी केली जाते. अलीकडे ध्वनीचे वर्णपटाच्या चित्रात, म्हणजे कोणत्या क्षणी कोणत्या पट्टीत किती आवाज आहे हे दाखवणाऱ्या चित्रात, रूपांतर करून ते चित्रच न्यूरल नेटवर्कला, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणकप्रणालीला, शिकवतात. मग कोणती खूण महत्त्वाची हे माणूस सांगत नाही, हजारो नोंदी पाहून यंत्र स्वतः शोधते. यात सोय आहे आणि धोकाही आहे. तो धोका पुढच्या पत्रात नेमका समोर आला आहे.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. इंटरनेटवर खुल्या असलेल्या हृदयध्वनींवर आमच्या गटाने प्रारूप तयार केले आणि त्याची अचूकता ९८ टक्के आली. परंतु एका रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञांनी ‘या आकड्याला अर्थ नाही’ असे म्हणून ते बाजूला सारले. आमचे कुठे चुकले?
(विद्यार्थिनी, चेंबूर)

उत्तर : तुमची मेहनत वाया गेलेली नाही, पण त्या तज्ज्ञांचा आक्षेप गंभीरपणे घ्यावा असाच आहे. ९८ हा आकडा कसा आला, हे एकेक करून तपासा.

पहिली तपासणी रुग्णांची. तुम्ही एकेका नोंदीचे तीन-तीन, पाच-पाच सेकंदांचे तुकडे केले असतील आणि ते सारे मिसळून त्यातले काही शिकवण्यासाठी व काही परीक्षेसाठी घेतले असतील, तर एकाच माणसाच्या हृदयाचे तुकडे दोन्हीकडे गेले. असे प्रारूप आजार ओळखायला शिकत नाही, ते माणूस ओळखायला शिकते. विभागणी नेहमी रुग्णानुसार झाली पाहिजे आणि परीक्षेतला एकही रुग्ण प्रशिक्षणात दिसता कामा नये. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत मला हा दोष फार वेळा आढळतो, आणि तो दुरुस्त केला की नव्वदीच्या पुढचे आकडे झरझर खाली येतात.

दुसरी तपासणी उपकरणांची. खुले संच बहुधा वेगवेगळ्या देशांतल्या, वेगवेगळ्या संस्थांनी, वेगवेगळ्या स्टेथोस्कोपने घेतलेल्या नोंदी एकत्र करून बनवलेले असतात. एखाद्या संस्थेकडून प्रामुख्याने रुग्णांच्या आणि दुसरीकडून प्रामुख्याने निरोगी माणसांच्या नोंदी आल्या असतील, तर त्या त्या स्टेथोस्कोपचा स्वतःचा गुणगुणाट हीच यंत्राला सोपी खूण मिळते. शिक्षकाने वर्गातली मुले चेहऱ्याऐवजी दप्तरावरून ओळखावीत, तसे हे होते; दप्तरे बदलली की ओळख संपते. म्हणून एका संस्थेच्या नोंदी पूर्णपणे बाजूला ठेवा, उरलेल्यांवर प्रशिक्षण द्या आणि बाजूला ठेवलेल्या संचावर परीक्षा घ्या. ही परीक्षा कठोर असते, पण रुग्णालयातल्या डॉक्टरला हाच आकडा ऐकायचा असतो.

तिसरी तपासणी आकड्याचीच. २०१६ साली फिजिओनेट हे वैद्यकीय नोंदींचे खुले भांडार आणि ‘कॉम्प्युटिंग इन कार्डिऑलॉजी’ परिषदेने हृदयध्वनींच्या वर्गवारीची जी खुली स्पर्धा घेतली, तिच्या प्रशिक्षण संचात तीन हजारांहून अधिक नोंदी होत्या, पाच सेकंदांपासून सुमारे दोन मिनिटांपर्यंतच्या, आणि त्यातल्या साधारण एक-पंचमांशच असामान्य होत्या. याचा अर्थ, डोळे झाकून सर्वांना ‘सामान्य’ म्हटले तरी अचूकता ऐंशी टक्क्यांच्या घरात जाते आणि एकही आजारी माणूस सापडत नाही. म्हणून त्या स्पर्धेत नुसती अचूकता मोजली नाही. आजारी नोंदींपैकी किती पकडल्या आणि निरोगी नोंदींपैकी किती योग्य रीतीने सोडल्या, या दोन प्रमाणांची सरासरी मोजली गेली. अव्वल ठरलेल्या प्रारूपाने आजारी नोंदींपैकी सुमारे ९४ टक्के पकडल्या, पण निरोगी नोंदींपैकी सुमारे ७८ टक्केच योग्य ओळखल्या. सरासरी ८६ च्या आसपास आली. जगभरातल्या संशोधकांच्या चढाओढीत, न पाहिलेल्या नोंदींवर हा निकाल लागला आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे महाविद्यालयीन प्रकल्पातील ९८ टक्क्यांकडे तज्ज्ञ संशयाने का पाहतात ते कळेल.

आणखी एक गोष्ट तुम्हाला आवर्जून सुचवतो. याच मालिकेतील २०२२ च्या स्पर्धेसाठी ईशान्य ब्राझीलमध्ये प्रामुख्याने मुलांच्या तपासणी शिबिरांत घेतलेल्या नोंदी वापरल्या गेल्या. त्यातल्या खुल्या केलेल्या भागात ९४२ रुग्ण आहेत आणि छातीवरच्या चार जागांवरच्या नोंदी वेगवेगळ्या दिलेल्या आहेत. तज्ज्ञांनी त्यांपैकी ६८ जणांच्या बाबतीत मर्मर आहे की नाही हे ‘सांगता येत नाही’ असे लिहिले आहे. अनेक विद्यार्थी या ६८ जणांना गाळून टाकतात, कारण त्यांच्यामुळे आकडा बिघडतो. कृपया तसे करू नका. ‘ही नोंद चांगली नाही, पुन्हा घ्या’ असे सांगू शकणारे प्रारूप दवाखान्यात सर्वांत आधी उपयोगी पडेल, आणि तुमच्या गटाने तेवढेच एक काम नीट केले तरी ते ९८ टक्क्यांपेक्षा मोलाचे ठरेल.

प्रश्न : शाळेतील तपासणीत माझ्या सहा वर्षांच्या मुलीच्या हृदयात ‘आवाज’ असल्याचे डॉक्टरांनी सांगितले आणि टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) करायला सुचवले. इको पुढच्या आठवड्यात आहे. मध्यंतरी मी फोन छातीला लावून एका ॲपवर तपासले, तर ‘असामान्य’ असे आले. झोप उडाली आहे. काय समजावे?
(एक आई, भांडुप)

उत्तर : ताई, प्रथम हे सांगतो की या वयाच्या निरोगी मुलांत मर्मर ऐकू येणे अगदी सर्रास घडते. मुलांची छाती पातळ असते, रक्त वेगाने वाहते आणि झडपा उत्तम असूनही प्रवाहाचा मऊ, गुणगुणल्यासारखा आवाज कानावर येतो. त्याला निरुपद्रवी मर्मर म्हणतात. ताप असताना तो वाढतो, मूल उठून बसले की अनेकदा कमी होतो आणि वयाबरोबर बहुधा नाहीसा होतो. डॉक्टरांनी इको सांगितला आहे तो खात्री करून घेण्यासाठी, आणि तो करून घ्यावाच.

ॲपच्या उत्तराला मात्र तुम्ही महत्त्व देऊ नये. फोनचा मायक्रोफोन आणि त्यातली ध्वनिप्रणाली माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेली असते. खोल, धपधप करणारा आवाज म्हणजे गोंगाट, असे समजून ती तोच दाबते. जो भाग ऐकायचा तोच कापला गेल्यावर उरलेल्या आवाजावर दिलेला निर्णय कसा विश्वासार्ह असेल? त्यातही मुलीचे ठोके मोठ्यांपेक्षा जलद पडतात, आणि ॲप मोठ्यांच्या नोंदींवर शिकलेले असेल तर त्याची फसगत ठरलेली. मुलीला खेळताना लवकर धाप लागत असेल, वजन वाढत नसेल, ओठ किंवा नखे निळसर दिसत असतील, छातीत दुखत असेल किंवा ती कधी बेशुद्ध पडली असेल, तर पुढच्या आठवड्याची वाट न पाहता डॉक्टरांना भेटा. यांतले काहीच नसेल तर तिला खेळू द्या, आणि ॲप पुन्हा लावून पाहू नका.

प्रश्न : घरी डिजिटल स्टेथोस्कोप ठेवला तर हार्ट ॲटॅकची पूर्वसूचना मिळेल का?
(ज्येष्ठ नागरिक, वडाळा)

उत्तर : नाही. हृदयविकाराचा झटका हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्या तुंबल्यामुळे येतो, आणि रोहिणीतील अडथळा बहुतेक वेळा छातीवर ऐकू येईल असा आवाज करत नाही. स्टेथोस्कोपने झडपांचे, पडद्यातील छिद्रांचे आणि काही प्रमाणात हृदयाच्या थकव्याचे ज्ञान होते. ठोके स्वच्छ ऐकू येत आहेत म्हणून छातीतले दुखणे अंगावर काढणे जिवावर बेतू शकते. छातीत दाब वाटला, घाम फुटला, दुखणे हाताकडे किंवा जबड्याकडे गेले, तर कोणतेही यंत्र न शोधता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

प्रश्न : मी पालिकेच्या दवाखान्यात परिचारिका आहे. आमच्याकडे प्रायोगिक तत्त्वावर डिजिटल स्टेथोस्कोप आला आहे. खोलीला लागून रस्ता आहे, थोड्या अंतरावर लोकलचे रूळ आहेत, बाहेर रुग्णांची गर्दी असते. यंत्र निम्म्या वेळा ‘नोंद अस्पष्ट’ असे दाखवते. चांगली नोंद घेण्यासाठी काय करावे?
(परिचारिका, धारावी)

उत्तर : तुमचे पत्र वाचून समाधान वाटले, कारण या तंत्राचे यशापयश प्रयोगशाळेपेक्षा तुमच्या खोलीत ठरणार आहे. यंत्र ‘अस्पष्ट’ म्हणते हे त्याच्या प्रामाणिकपणाचे लक्षण समजा. अशा आवाजावरही जे यंत्र बेधडक निर्णय देते त्याची मला अधिक काळजी वाटते.

बाहेरच्या गोंगाटापेक्षा जवळचे आवाज जास्त त्रास देतात, असा माझा अनुभव आहे. शर्ट, साडीचा पदर किंवा बनियन यांच्यावरून घेतलेली नोंद घासण्याच्या आवाजाने भरून जाते; स्टेथोस्कोपचा गोल भाग उघड्या त्वचेवर, घट्ट पण न दाबता टेकवा आणि बोटे हलवू नका. स्त्री रुग्णांसाठी पडदा आणि सोबत दुसरी स्त्री असणे ही नोंदीच्या गुणवत्तेचीही गरज आहे, कारण संकोचामुळे कपड्यावरूनच यंत्र लावले जाते आणि मग स्त्रियांच्या नोंदी सातत्याने वाईट येतात. अशा नोंदींवर शिकलेले यंत्र पुढे स्त्रियांच्या बाबतीतच अधिक चुकेल. पंखा रुग्णाच्या अंगावर येत असेल तर नोंदीपुरता बंद करा. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे आणि ती नेमकी हृदयध्वनींच्या पट्ट्यात पडते. चार्जरला लावलेला फोन, ट्यूबलाइट आणि जुने वायरिंग यांचा गुणगुणाट त्यामुळे गाळणेही अवघड जाते, म्हणून नोंद घेताना उपकरण चार्जिंगवरून काढलेले असू द्या. लोकल जाऊ द्यावी आणि मग सुरुवात करावी, एवढे थांबणे बहुधा पुरते, कारण एका जागेसाठी वीसेक सेकंदांची स्वच्छ नोंद उपयोगी पडते.

जागा चार आहेत. उरोस्थीच्या (छातीच्या मधल्या हाडाच्या) उजवीकडे दुसऱ्या बरगडीखालची पोकळी महाधमनीच्या झडपेसाठी, तिच्याच समोर डावीकडची फुप्फुस धमनीसाठी, उरोस्थीच्या डाव्या कडेला खालची ट्रायकस्पिडसाठी, आणि डाव्या बाजूला पाचव्या बरगडीखाली, हंसळीच्या मध्यापासून सरळ खाली येणाऱ्या रेषेजवळची मिट्रलसाठी. प्रत्येक नोंदीवर जागेचे नाव टाका. नाव नसलेली नोंद नंतर कुणालाही नीट वापरता येत नाही. रुग्णाला बोलू नका असे सांगा, श्वास सोडून काही क्षण थांबता आले तर उत्तम. आणि नोंद घेतल्यावर इयरफोनने स्वतः एकदा ऐका. दोन ठोके तुम्हाला वेगळे ऐकू येत नसतील, तर यंत्रालाही ते येणार नाहीत, असे धरून चाला.

पवईच्या आयआयटीतील एका चमूने कोविडच्या काळात, एप्रिल २०२० मध्ये, रुग्णापासून दूर राहून छाती ऐकता येईल असा डिजिटल स्टेथोस्कोप बनवल्याचे जाहीर केले होते. अशी उपकरणे मुंबईतच बनत असतील, तर ती तपासण्यासाठीचे आवाजही आपल्या दवाखान्यांतून, आपल्या गोंगाटासह गेले पाहिजेत, असे मला मनापासून वाटते. शांत खोलीत घेतलेल्या परदेशी नोंदींवर शिकलेल्या यंत्राला धारावीतली सकाळची ओपीडी ठाऊकच नसते.

प्रश्न : आमची संस्था वस्त्यांमध्ये मुलांच्या आरोग्यावर काम करते. सांधे धरणाऱ्या तापानंतर झडपा खराब झालेली मुले आम्ही पाहिली आहेत. शाळाशाळांत अशी यंत्रे नेऊन सर्व मुलांची तपासणी केली तर हा आजार वेळीच सापडेल का?
(सामाजिक कार्यकर्ता, मानखुर्द)

उत्तर : तुम्ही म्हणता तो आजार म्हणजे ऱ्हुमॅटिक हृदयविकार. स्ट्रेप्टोकोकस जातीच्या जिवाणूमुळे घसा दुखतो, उपचार होत नाहीत, दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, सांधे सुजतात, आणि शरीराची प्रतिकारयंत्रणा हृदयाच्या झडपांवरच उलटते. दाटीवाटीच्या घरांत घशाचा संसर्ग लवकर पसरतो, म्हणून हा आजार गरिबांच्या वस्तीत अधिक दिसतो. वेळीच कळले तर दर तीन ते चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन देऊन झडपांची पुढची हानी रोखता येते. कळले नाही तर अनेकदा ते मुलगी मोठी होऊन गरोदर राहिल्यावर कळते, कारण तेव्हा शरीरातील रक्ताचे प्रमाण चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढते आणि अरुंद झालेली मिट्रल झडप तो भार पेलू शकत नाही. म्हणून तुमचा हेतू अगदी योग्य आहे.

आता यंत्राचे गणित मांडू. समजा, हजार मुलांत दहांना झडपेचा आजार आहे. यंत्र आजारी मुलांपैकी ९० टक्के पकडते आणि निरोगी मुलांपैकी ८० टक्के योग्य ओळखते, असे धरू. ते दहापैकी नऊ मुले पकडेल, पण ९९० निरोगी मुलांपैकी १९८ जणांनाही ‘असामान्य’ ठरवेल. तुमच्या हातात २०७ नावे येतील आणि त्यातली नऊ खरी असतील. या २०७ मुलांचा इको वेळेत होण्याची सोय आधी झालेली असेल, तर हे यंत्र हजार इकोंचे काम दोनशेंवर आणते, आणि हा फार मोठा लाभ आहे. सोय नसेल, तर दोनशे घरांत भांडुपच्या आईसारखी रात्र जाईल आणि त्या नऊ मुलांचे निदानही होणार नाही. म्हणून क्रम असा असावा, की आधी इको करणाऱ्या रुग्णालयाशी बोलणी, मग पेनिसिलिनचा अखंड पुरवठा, आणि त्यानंतर यंत्र.

दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. कंबोडिया आणि मोझांबिकमधील शाळकरी मुलांवर झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्टेथोस्कोपने जितकी मुले सापडली, त्याच्या दहापट किंवा त्याहून जास्त मुले इकोने सापडली. सुरुवातीच्या टप्प्यात झडपेतून रक्त इतके थोडे मागे येते की आवाजच होत नाही. जो आवाज छातीपर्यंत पोहोचतच नाही तो कितीही हुशार प्रारूपाला ऐकू येणार नाही. त्यामुळे यंत्राने ‘सामान्य’ म्हटलेल्या मुलाला वारंवार घसा दुखण्याचा किंवा एका सांध्यातून दुसऱ्यात फिरणाऱ्या सुजेचा इतिहास असेल, तर त्याला यादीतून काढू नका. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात आणि ऱ्हुमॅटिक अशा दोन्ही हृदयविकारांचा समावेश आहे. वेगळी मोहीम उभारण्यापेक्षा त्या पथकाच्या हाती यंत्र आणि तुमच्या कार्यकर्त्यांच्या हाती पाठपुरावा, अशी वाटणी मला अधिक फलदायी वाटते.

प्रश्न : अशा यंत्रांना कायद्याची मान्यता लागते का? मुलांच्या नोंदी कंपन्या ठेवून घेतात त्याचे काय?
(वकील, फोर्ट)

उत्तर : निदानासाठी वापरले जाणारे सॉफ्टवेअरही १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे वैद्यकीय उपकरणांच्या व्याख्येत येते आणि त्याला २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम लागू होतात. अमेरिकेतील अन्न व औषध प्रशासनाने २०२० साली मर्मर ओळखणाऱ्या एका प्रणालीला परवानगी दिली, पण डॉक्टरांना साहाय्य करणारे साधन म्हणून. नोंदींबाबत, नावाला जोडलेला हृदयध्वनी ही व्यक्तिगत माहिती आहे आणि २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने बालकाची माहिती वापरण्यासाठी पालकांची संमती आवश्यक मानली आहे. सहसा लक्षात न येणारी बाब अशी की स्टेथोस्कोपचा मायक्रोफोन खोलीतले बोलणेही टिपतो. रुग्णाचा आजार, पत्ता किंवा घरची भांडणे हृदयाच्या ठोक्यांसोबत साठवली जाऊ शकतात, त्यामुळे नोंद देण्याआधी ती ऐकून तपासण्याची जबाबदारी करारात लिहून घ्यावी.

प्रश्न : मी एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वरिष्ठ म्हणतात की इको आणि आता संगणक आल्यावर मर्मर ओळखायला शिकण्यात वेळ घालवू नको. तुमचे मत काय?
(विद्यार्थी, परळ)

उत्तर : मी याच्याशी सहमत नाही, आणि त्याचे कारण यंत्राच्या रचनेतच आहे. संगणक त्याला दिलेला आवाज ऐकतो; तो रुग्णाला ‘डाव्या कुशीवर वळा’ असे सांगत नाही. अरुंद मिट्रल झडपेची शिथिलनातली खोल घरघर अनेकदा रुग्ण डाव्या कुशीवर वळल्यावर, स्टेथोस्कोपची घंटा, म्हणजे खोल आवाजांसाठीची वाटीसारखी बाजू, हलकेच टेकवल्यावरच ऐकू येते. महाधमनीची गळकी झडप रुग्णाला बसवून, पुढे वाकवून, श्वास सोडायला लावल्यावर बोलते. हृदयाच्या स्नायूची अडथळा आणणारी जाडी असेल तर रुग्ण उभा राहिला की मर्मर वाढतो आणि उकिडवा बसला की कमी होतो, तर इतर बहुतेक मर्मर याच्या उलट वागतात. श्वास आत घेताना दुसरा ध्वनी दुभंगतो आणि सोडताना जुळतो, हे निरोगी माणसात अपेक्षित आहे. तो श्वासाबरोबर न बदलता दुभंगलेलाच राहिला, तर अलिंदांमधल्या, म्हणजे हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या, पडद्यात छिद्र असल्याची शंका घ्यावी. आवाज मोठा म्हणून आजार मोठा असेही नसते. निलयांमधले छोटे छिद्र जोरात गर्जते, आणि महाधमनीची अतिशय अरुंद झडप हृदय थकल्यावर हळू हळू गप्प होत जाते.

यांतले प्रत्येक वाक्य रुग्णाच्या उशाशी उभे राहून काही करून पाहिल्याशिवाय वापरता येत नाही. म्हणून यंत्राचा उपयोग शिकण्यासाठी करा. वॉर्डात मर्मर असलेला रुग्ण भेटला की आधी कानाने ऐका, तो कोणत्या काळात आहे, कुठे सर्वांत स्पष्ट आहे आणि कुठे पसरतो हे वहीत लिहा, मग डिजिटल स्टेथोस्कोपने नोंद घेऊन पडद्यावरचा आलेख पाहा आणि शेवटी इकोचा अहवाल वाचा. रुग्ण झोपलेला असताना एक आणि बसलेला असताना एक, अशा दोन नोंदी घ्या व प्रत्येकीवर त्याची स्थिती लिहा. खुल्या संचांत ही माहिती फारशी मिळत नाही, त्यामुळे चेंबूरच्या विद्यार्थिनीसारख्या कुणाला पुढचे प्रारूप बनवायचे असेल तर तुमच्या अशा पन्नास नोंदी, रुग्णालयाच्या नैतिकता समितीच्या परवानगीने आणि रुग्णांच्या संमतीने, तिच्या फार उपयोगी पडतील.